दोन अव्यक्ते, दोन साक्षी

नऊ महाळुंगे आणि सात कवठे यांची मिळून किंमत १०७ होते. सात महाळुंगे आणि नऊ कवठे घेतली, तर १०१ होते. एका महाळुंगाची किंमत किती आणि एका कवठाची किती?

हा प्रश्न महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात घातला आहे. काळ इ.स. ८५०च्या सुमाराचा. राज्य राष्ट्रकूटांच्या अमोघवर्षाचे. याच घराण्यातल्या पहिल्या कृष्णाने वेरूळचे कैलास लेणे खोदवून घेतले होते. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट आज कर्नाटकात आहे, पण त्यांच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग येत होता. गणितातली फळेही आपल्या ओळखीची आहेत. कवठाची चटणी महाशिवरात्रीला अजून घरोघर होते. महाळुंग बाजारात सहसा दिसत नाही, पण कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात ते आहे.

महाराष्ट्राच्या दहावीच्या गणित भाग एकमध्ये पहिलेच प्रकरण आहे ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. महावीराचार्यांचा प्रश्न अगदी त्या प्रकरणातला. फरक इतकाच की आज फळांच्या जागी क्ष आणि य येतात. पुष्कळ मुलांचे गणिताशी बिनसते ते नेमके इथेच. बीजगणित अवघड असते म्हणून तसे होते असे मला वाटत नाही. क्ष म्हणजे काय, तो एक असताना दुसरा य कशासाठी, आणि एक समीकरण असताना दुसरे का लागते, हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. रीत मात्र पहिल्या दिवसापासून घोटून घेतली जाते. माणसाला या प्रश्नांची उत्तरे शोधायला काही शतके लागली. त्या शोधाची वाट आपल्या प्रदेशातूनही गेलेली आहे, म्हणून ती पुन्हा चालून पाहण्यासारखी आहे.

चल आणि अज्ञात

महावीराचार्यांचे दुसरे वाक्य क्षणभर झाकून ठेवू. हातात एवढेच आहे: नऊ महाळुंगे आणि सात कवठे, किंमत १०७.

आता कोणी म्हणाले, महाळुंग ८ ला आणि कवठ ५ ला. बहात्तर अधिक पस्तीस, १०७. बरोबर. दुसरा म्हणाला, छे, महाळुंग १ ला आणि कवठ १४ ला. नऊ अधिक अठ्ठ्याण्णव, १०७. हेही बरोबर. तिसऱ्याने अर्धे नाणे चालते का असे विचारले आणि सांगितले, महाळुंग साडेचार, कवठ साडेनऊ. साडेचाळीस अधिक साडेसहासष्ट, पुन्हा १०७. अपूर्णांक चालत असतील तर अशा उत्तरांना अंत नाही. महाळुंग थोडे स्वस्त करा, कवठ त्या प्रमाणात महाग करा, बेरीज जागची हलत नाही.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो: चल आणि अज्ञात. दोन्हींचा अर्थ मात्र वेगळा आहे. अज्ञात म्हणजे ज्याची किंमत ठरलेली आहे, फक्त आपल्याला माहीत नाही. चल म्हणजे ज्याची किंमत ठरलेलीच नाही, जे हलते. वर फक्त पहिले वाक्य हातात होते तेव्हा महाळुंगाची किंमत चल होती. ती कवठाच्या किमतीबरोबर खालीवर होत होती. फळवाल्याच्या मनात भाव पक्का असेलही, पण आपल्यापुरता तो हलताच होता.

सतराव्या शतकात देकार्त आणि फेर्मा या फ्रेंच गणित्यांनी समीकरणांना चित्ररूप दिले, तेव्हा हे हलणे डोळ्यांना दिसू लागले. आडव्या अक्षावर महाळुंगाची किंमत, उभ्या अक्षावर कवठाची. पहिल्या वाक्याची सगळी उत्तरे टिंबांनी मांडली की ती एका सरळ रेषेवर येतात. ‘रेषीय’ हे नाव तिथूनच आले. त्या रेषेवरचे प्रत्येक टिंब हे खरे ठरू शकणारे उत्तर आहे, आणि त्यांतले कोणते खरे, हे ती रेषा कधीच सांगू शकत नाही.

दुसरे वाक्य उघडले की दुसरी रेषा येते. ती पहिलीला एका ठिकाणी छेदते. आता (१, १४) हे उत्तर टिकत नाही, कारण सात महाळुंगे आणि नऊ कवठे यांचे १३३ होतात. साडेचार आणि साडेनऊ यांचे ११७ होतात. टिकते ते एकच: महाळुंग ८, कवठ ५. जे इतका वेळ चल होते ते आता अज्ञात झाले, आणि लगेच ज्ञातही. दोन समीकरणे सोडवणे म्हणजे एवढेच: हलत्या गोष्टीला दोन बाजूंनी धरून थांबवणे.

महावीराचार्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. मोठ्या किमतीला फळांच्या मोठ्या संख्येने गुणा: १०७ गुणिले ९, म्हणजे ९६३. लहान किमतीला लहान संख्येने गुणा: १०१ गुणिले ७, म्हणजे ७०७. वजाबाकी २५६. तिला दोन संख्यांच्या वर्गांच्या फरकाने, म्हणजे ८१ उणे ४९ अशा ३२ने भागा. आले ८. उलट जोडी लावली तर ९०९ उणे ७४९, म्हणजे १६०; भागिले ३२, आले ५. फळांच्या संख्या अदलाबदल झालेल्या असतील तेव्हाच ही रीत चालते. पण तिचा साचा ओळखीचा आहे. दहावीत पुढे ‘क्रेमरची पद्धत’ शिकवतात. स्विस गणिती गाब्रिएल क्रेमर यांनी १७५०मध्ये मांडलेल्या त्या व्यापक नियमात असेच तिरके गुणाकार आणि वजाबाक्या असतात.

एका नावाची कसरत

रीत सापडणे वेगळे आणि विचाराला नाव सापडणे वेगळे. महावीराचार्यांचा नियम फळांच्या एका जातीच्या प्रश्नांना पुरतो. कोणताही प्रश्न आला तरी चालेल अशी भाषा हवी असेल, तर न दिसणाऱ्या संख्येला नाव द्यावे लागते. पहिले नाव देणे त्या मानाने सोपे. अडचण दुसऱ्या नावाची होती.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त दोन मित्रांचे एक गमतीदार उदाहरण आहे. एक म्हणतो, ‘मित्रा, तू मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन.’ दुसरा उत्तर देतो, ‘तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन.’ तर दोघांजवळ किती किती धन होते?

इथे सरळसरळ दोन अज्ञाते आहेत. पण भास्कराचार्य ते एकाच नावात बसवून दाखवतात. त्यांच्या परंपरेत पहिल्या अज्ञाताचे नाव ‘यावत्तावत्’. शब्दशः अर्थ जितके तितके. लिहिताना त्याचे नुसते ‘या’ होते. आता पहिल्या मित्राजवळ ‘दोन या उणे १००’ आणि दुसऱ्याजवळ ‘एक या अधिक १००’ असे धन माना. दुसऱ्याने शंभर दिले की पहिल्याचे दोन या, दुसऱ्याचे एक या. पहिली अट मांडणीतच पुरी झाली. आता दुसरी अट. पहिल्याने दहा दिले, तर त्याच्याजवळ दोन या उणे ११०, दुसऱ्याजवळ एक या अधिक ११०, आणि हे त्याच्या सहापट. म्हणजे एक या अधिक ११० बरोबर बारा या उणे ६६०. अकरा या बरोबर ७७०. या म्हणजे ७०. पहिल्याजवळ ४०, दुसऱ्याजवळ १७०.

रीत देखणी आहे यात शंका नाही. अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसने तिसऱ्या शतकाच्या सुमारास ‘अरिथमेटिका’ या ग्रीक ग्रंथात याच जातीचा प्रश्न घेतला आहे. त्यात एकाला ३० मिळाले तर तो दुप्पट होतो, दुसऱ्याला ५० मिळाले तर तो तिप्पट. त्यानेही असेच केले: एकाला ‘दोन अज्ञात उणे ३०’ आणि दुसऱ्याला ‘एक अज्ञात अधिक ३०’ मानले. उत्तरे ९८ आणि ९४. डायोफँटसला तसे करण्यावाचून गत्यंतरच नव्हते, कारण त्याच्याजवळ अज्ञातासाठी चिन्ह एकच होते. दुसरे अज्ञात आले की त्याला ते पहिल्याच्या पोटात कसे तरी बसवावे लागे, आणि प्रत्येक प्रश्नाला नवी युक्ती लागे. युक्ती सुचली तर उत्तर, नाही तर नाही.

भास्कराचार्यांचे तसे नव्हते. त्यांनी एका नावात बसवून दाखवले ते बुद्धीची चमक म्हणून. त्यांच्याजवळ दुसरे नाव होते, तिसरेही होते.

काळा, निळा, पिवळा

ही नावे रंगांची होती. यावत्तावत् नंतर कालक, मग नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येला ‘रूप’ म्हणत आणि ‘रू’ लिहीत. ऋण संख्येवर टिंब देत. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडत, आणि ज्या बाजूला एखादा रंग नसेल तिथे त्याच्यापुढे शून्य लिहून जागा भरत. अज्ञातांना ‘वर्ण’ म्हणण्याची पद्धत ब्रह्मगुप्तांच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त, म्हणजे इ.स. ६२८मध्ये आलेली आहे. भास्कराचार्यांनी ती नीट बांधून काढली. त्यांच्या ग्रंथात एका अज्ञाताचे प्रकरण ‘एकवर्णसमीकरण’ आणि अनेकांचे ‘अनेकवर्णसमीकरण’.

या गणिताचे एकंदर नाव अव्यक्तगणित. ‘लीलावती’ हे व्यक्तगणित, ‘बीजगणित’ हे अव्यक्त. हे शब्द मराठी वाचकाला गीतेच्या बाराव्या अध्यायातून आणि ज्ञानेश्वरीतून परिचित आहेत. अव्यक्ताची उपासना देहधाऱ्याला कष्टाची, असे तिथे म्हटले आहे. गणिताच्या वर्गात बसलेल्या मुलालाही तेच वाटते. त्यावर गणित्यांनी काढलेला उपाय मोठा माणसाळलेला होता. दिसत नाही त्याला रंग द्या. दिसत नसले तरी ते निळे आहे, हे काळे आहे, एवढे म्हणता आले की दोघांची गल्लत होत नाही आणि दोघांना हाताळता येते.

आता तेच दोन मित्र दोन रंगांनी सोडवू. पहिल्याचे धन या, दुसऱ्याचे का. पहिले म्हणणे: या अधिक १०० बरोबर दोन का उणे २००. म्हणून या बरोबर दोन का उणे ३००. दुसरे म्हणणे: का अधिक १० बरोबर सहा या उणे ६०. म्हणून या बरोबर, का अधिक ७० यांचा सहावा भाग. याच्या अशा दोन किमती मिळाल्या. भास्कराचार्य अशा किमतीला ‘उन्मिति’ म्हणतात. एकाच अज्ञाताच्या दोन उन्मिती एकमेकींशी समान असल्याच पाहिजेत. त्या समान मांडल्या, छेद काढून टाकला, की बारा का उणे १८०० बरोबर का अधिक ७०. अकरा का बरोबर १८७०. का १७० आणि या ४०.

इथे कोणतीही युक्ती लागली नाही. दोन्ही माणसांचे म्हणणे जसेच्या तसे लिहिले, पहिला रंग दोन्हींतून वेगळा केला, आणि राहिलेल्या रंगाचे एक समीकरण उरले. रंग दोन असोत की पाच, रीत हीच. जो शहाणपणा प्रत्येक प्रश्नाला नव्याने लागत होता, तो मांडणीतच साठवला गेला. दुसऱ्या नावाचा एवढा उपयोग.

सोळाव्या शतकाच्या शेवटी, १५९१मध्ये फ्रान्समध्ये व्हिएत यांनी अज्ञातांसाठी स्वर आणि ज्ञातांसाठी व्यंजने वापरली. १६३७मध्ये देकार्त यांनी वर्णमालेतली शेवटची अक्षरे अज्ञातांना दिली. आपले क्ष आणि य त्या वाटेने आले. ते सुटसुटीत आहेत, पण रंगात जी ओळख होती ती त्यांच्यात नाही.

चीनमधल्या काड्या

नावे न देताही हे काम करण्याची एक वेगळी वाट चीनमध्ये सापडली होती. तिथला ‘नऊ प्रकरणे’ या नावाने ओळखला जाणारा गणितग्रंथ सुमारे दोन हजार वर्षे जुना आहे, आणि त्यावर लिऊ हुई यांचे इ.स. २६३मधले भाष्य आहे. त्याचे आठवे प्रकरण ‘फांगचेंग’. आजच्या चिनी भाषेत समीकरणाला हाच शब्द आहे.

त्यात एक प्रश्न असा आहे: पाच बैल आणि दोन मेंढ्या यांची किंमत दहा ल्यांग सोने. दोन बैल आणि पाच मेंढ्या यांची आठ ल्यांग. महाळुंगे आणि कवठे यांची आठवण व्हावी असाच साचा, आकडे अदलाबदल झालेले. चिनी गणिती हे आकडे फळीवर काड्यांनी मांडत, एका उभ्या ओळीत ५, २, १०, दुसरीत २, ५, ८. पहिली ओळ दोनाने वाढवायची, दुसरी पाचाने. झाले १०, ४, २० आणि १०, २५, ४०. एकातून दुसरी वजा केली की बैल नाहीसे होतात आणि उरते: २१ मेंढ्यांचे २० ल्यांग. म्हणजे मेंढी २० एकविसांश, बैल ३४ एकविसांश. धन संख्यांसाठी लाल काड्या, ऋण संख्यांसाठी काळ्या, असे लिऊ हुई सांगतात. त्यांच्याकडेही रंग आहे, पण तो अज्ञाताला नाही, चिन्हाला आहे. अज्ञाताची ओळख त्याच्या जागेवरून होते: वरची काडी बैलांची, मधली मेंढ्यांची.

आज गाउसच्या नावाने ओळखली जाणारी आणि संगणक हजारो अज्ञातांसाठी वापरतात ती निरसनाची रीत मुळात हीच आहे.

दुसरी साक्ष कशी असावी

आतापर्यंत आपण असे धरून चाललो की अज्ञाते दोन, म्हणून समीकरणे दोन. शाळेत हेच पाठ होते. पण ते पुरेसे खरे नाही, आणि सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे.

समजा फळवाल्याने दुसरे वाक्य असे सांगितले: अठरा महाळुंगे आणि चौदा कवठे यांचे २१४. समीकरणे दोन झाली, पण नवीन काय कळले? काहीच नाही. पहिल्याच वाक्याची ती दुप्पट. रेषा काढली तर पहिलीवरच बसते. साक्षीदार दोन आले, पण दुसरा पहिल्याचेच बोल मोठ्याने बोलला. आणि त्याने २१४ ऐवजी २०० म्हटले असते, तर? मग दोन्ही साक्षी एकदम खऱ्या असूच शकत नाहीत. रेषा समांतर धावतात, कुठेच भेटत नाहीत. उत्तर नाही.

हे ओळखायचे कसे? फळांच्या संख्यांचे तिरके गुणाकार करून वजा करा. पहिल्या वाक्यात ९ आणि ७, दुसऱ्यात १८ आणि १४. नऊ चोक चौदा करण्यापेक्षा नीट लिहू: ९ गुणिले १४ म्हणजे १२६, ७ गुणिले १८ म्हणजे १२६. फरक शून्य. या फरकाला मराठी पाठ्यपुस्तकात ‘निश्चयक’ म्हणतात. परिभाषेतल्या कितीतरी कोरड्या शब्दांमध्ये हा एक शब्द फार नेमका आहे. निश्चय होणार की नाही, हे तो सांगतो. शून्य आला तर निश्चय नाही. महावीराचार्यांच्या प्रश्नात तो ८१ उणे ४९, म्हणजे ३२ होता.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. समजा दुसरे वाक्य असे: दहा महाळुंगे आणि आठ कवठे यांचे १२०. उत्तर तेच येते, ८ आणि ५. निश्चयक ७२ उणे ७०, म्हणजे २. शून्य नाही, म्हणून गणिताच्या दृष्टीने सारे ठीक. पण ऐकण्यात एकाची चूक झाली आणि १२० ऐवजी आपण १२१ लिहिले, तर काय होते? उत्तर येते महाळुंग साडेचार, कवठ साडेनऊ. किमतीत एकाची चूक, आणि महाळुंग जवळजवळ निम्म्यावर आले, कवठ जवळजवळ दुप्पट झाले. स्वस्त फळ महाग आणि महाग ते स्वस्त ठरले. उलट महावीराचार्यांच्या वाक्यात १०१ ऐवजी १०२ ऐकले असते, तर महाळुंग सुमारे ७.७८ आणि कवठ सुमारे ५.२८. चूक आहे, पण चुकीएवढीच.

असे का होते, ते रेषा सांगतात. ‘नऊ आणि सात’ व ‘दहा आणि आठ’ ही दोन वाक्ये जवळजवळ एकाच दिशेने पाहतात. त्यांच्या रेषा इतक्या लहान कोनात छेदतात की एक जरा सरकली की छेदनबिंदू लांब पळतो. ‘नऊ आणि सात’ला ‘सात आणि नऊ’ हा जोडीदार तोलामोलाचा, कारण एकात जे जास्त ते दुसऱ्यात कमी. बैल आणि मेंढ्यांच्या प्रश्नातही तेच: पाच आणि दोन, दोन आणि पाच. दोन्ही ठिकाणी दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा खरोखर वेगळ्या बाजूने आलेले आहे.

म्हणून नियम असा सांगायला हवा: दोन अज्ञातांना दोन वेगळी म्हणणी लागतात, आणि ती जितकी वेगळी तितका निर्णय भरवशाचा. वर्तमानपत्रातले आकडे वाचताना, हिशेब तपासताना, दोन जणांच्या भांडणात खरे काय ते ठरवताना आपण हेच करत असतो. एकाच कार्यालयातून निघालेली दोन पत्रके म्हणजे दोन समीकरणे नव्हेत.

एकच साक्ष उरली तर

दुसरी साक्ष मिळालीच नाही, तर? भारतीय गणित्यांनी इथेही हात टेकले नाहीत. ‘नऊ महाळुंगे, सात कवठे, १०७’ याकडे पुन्हा पाहा. अपूर्णांक चालत नसतील, किमती पूर्ण नाण्यांतच असतील, तर अनंत उत्तरांतून दोनच उरतात: (८, ५) आणि (१, १४). पहिल्यावरून दुसरे मिळते कसे? महाळुंगातून ७ काढा, कवठात ९ घाला. संख्या पूर्ण असणे ही जणू अर्धी साक्ष.

या अर्ध्या साक्षीचे शास्त्र म्हणजे ‘कुट्टक’. आर्यभटांनी इ.स. ४९९मध्ये त्याची रीत दिली. ‘लीलावती’त विचारले आहे: २२१ला कशाने गुणून ६५ मिळवले, तर १९५ने नि:शेष भाग जाईल? पहिले उत्तर ५, आणि भागाकार ६. मग २० आणि २३. पुढे प्रत्येक वेळी गुणकात १५ आणि भागाकारात १७ मिळवत जायचे. कुट्टक म्हणजे कुटणे. मोठे आकडे एकमेकांनी भागत भागत बारीक करायचे. ग्रहांची पूर्ण आवर्तने आणि उरलेला भाग यांवरून गेलेले दिवस काढायला ज्योतिषांना हे गणित लागे.

अनेक रंगांच्या प्रकरणात भास्कराचार्य हे दोन्ही मार्ग जोडतात. उन्मिती समान मांडत एकेक रंग काढत जा. साक्षी संपल्या आणि शेवटी एकच उन्मिति उरली, तर कुट्टक लावा. जेवढे विधानांनी ठरते तेवढे त्यांनी ठरवायचे. जे ठरत नाही, त्याच्या शक्यता नियमात बांधून सांगायच्या. कोणतेही उत्तर दडपून द्यायचे नाही.

पाटणचा शिलालेख

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इ.स. १११४चा. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ काढला. तिथला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. तो शके ११२८चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे. शेवटी मात्र तो मराठीत उतरतो, आणि बाजारातल्या देवघेवीतून मठाला कोणता वाटा मिळायचा ते सांगतो. विकणाऱ्याकडून किती, घेणाऱ्याकडून किती.

अव्यक्ताच्या अभ्यासाचा खर्च बाजाराने उचलावा, हे मला योग्य वाटते. हे गणित तिथूनच आले होते: फळांच्या ढिगातून, घोड्यांच्या किमतीतून, दोन मित्रांच्या उसनवारीतून. आणि ते मराठीच्या फार जवळ उभे होते. दान कोणी काय द्यायचे हे ज्यांना कळायला हवे होते, त्यांच्यासाठी लेख मराठीत आला. गणित मात्र संस्कृतातच राहिले. ते अंतर आजही आहे, फक्त संस्कृतच्या जागी क्ष आणि य आले आहेत.

रंगांची अक्षरे म्हणजे बीजगणित नव्हे, बुद्धी हेच खरे बीज, असे भास्कराचार्यांनीच सांगून ठेवले आहे. दहावीच्या वर्गात हे शब्दांनी शिकवता येणार नाही. पण पहिल्या तासाला फळ्यावर क्ष लिहिण्यापूर्वी महाळुंग आणि कवठ यांचे पहिले वाक्य तेवढे सांगावे आणि मुलांना भाव विचारावा. वर्गात दहा उत्तरे येतील आणि दहाही बरोबर असतील. मग त्यांनाच विचारावे, फळवाल्याला आणखी काय विचारले म्हणजे एकच उत्तर उरेल? कोणी तरी ‘दुप्पट घेतली तर किती?’ असे म्हणेल. ते का चालत नाही हे त्या मुलाला स्वतः कळले, की निम्मे प्रकरण झाले.